नंदाकाकूचा बांध

आमच्या शिवारात पोट वर उचलून चालणारी एक मुंगी आहे. बोरीच्या झाडावर राहते. चिडली की मागचा भाग आभाळाकडे करते आणि तशीच ऐटीत चालू लागते. तिला आमच्याकडे 'टेंभुर्णीवाली' म्हणतात. माझ्या आईचं, पुष्पाबाईचं, माहेर टेंभुर्णीचं. आई चालते ती छाती पुढे आणि कंबर मागे काढून. त्यामुळे नाव कुणावरून पडलं हे विचारावं लागत नाही. कुणी ठेवलं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नंदाकाकूनं.

नंदाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची, रामकाकांची बायको. एक्क्याऐंशी साली ती लग्न होऊन आमच्या गावात आली. गाव शहागडपासून फार लांब नाही. वारा तिकडून असला की हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे शेतात ऐकू येतात. माहेरी आपण फार बडबडी होतो, असं काकू सांगते. इथं आली आणि गप्प झाली, कारण माझी आजी साळूबाई. आजी वाईट नव्हती. पण तिच्याजवळ शब्द कमी होते आणि त्यातले बरेचसे ती म्हशींशी बोलण्यात घालवायची.

लग्नानंतर पहिल्यांदा घरात दळण आलं, तेव्हा आजीनं पिठाच्या डब्यात हात घातला, मूठभर ज्वारीचं पीठ आणि मूठभर ज्वारी एका वाटीत घातली आणि वाटी नव्या सुनेपुढे केली.

"बांधावर जाय. मुंगीचा वाटा टाकून ये."

"कुठं टाकू?" काकूनं विचारलं.

"त्या असतील तिथं. त्या काय तुला पत्ता धाडून राह्यल्या?"

आमच्या घरात दळण केलं की आधी हा वाटा जायचा. का, ते आजीनं कधी सांगितलं नाही. वाटा असतो म्हणून टाकायचा, एवढंच. आजवर तो ती स्वतः टाकत होती. त्या दिवशी तिनं तो सुनेच्या हातात दिला. सासरी आपल्याला मिळालेली पहिली गोष्ट पाटल्या नव्हत्या, ती वाटी होती, असं काकू म्हणते.

शेताच्या दक्षिणेला, ओढ्याच्या कडेनं तो बांध होता. रुंद, ओबडधोबड. नांगराला लागलेले दगड पिढ्यान् पिढ्या तिथंच फेकलेले. एक जुना कडुनिंब, दोन बोरी, एक हिवर आणि खाली कुसळी गवत. काकू वाटी घेऊन गेली आणि मुंग्या शोधत बसली. एक सापडली, मग तिची वाट सापडली, मग वाटेच्या टोकाला घर. अशी ती तिथं जाऊ लागली. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तिथं बोलू लागली. बोलायचं म्हटलं तर नावं हवीत.

कडुनिंबाच्या पोकळ बुंध्यात मोठे काळे मुंगळे राहत. कशाची घाई नाही, कुणाला वाट देणं नाही. त्यांचं नाव 'पाटील'. दगडाखाली तांबड्या, चावल्या की संध्याकाळपर्यंत आग करणाऱ्या. त्यांचं नाव तिनं आजी असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बोरीच्या फांदीवर मळकट पुठ्ठ्यासारखं घर बांधून राहणाऱ्या त्या टेंभुर्णीवाल्या. आणि बांधाच्या उन्हाकडच्या अंगाला, मऊ मातीत, तिच्या सगळ्यात लाडक्या. त्यांची डोकी अंगापेक्षा मोठी. धान्याचा दाणा तोंडात धरून दोघी-तिघी ओढत बिळात नेत, आत सोलत आणि टरफलं वर आणून बिळाच्या तोंडाभोवती टाकत. त्याचं गोल कडं तयार होई. अगदी खळ्यावर मळणी झाल्यावर भुसा पडतो तसं. म्हणून त्या 'खळेवाल्या'.

"तुझ्यावरून एकीचं नाव ठेवलंय म्हणे?" आईला कुणीतरी विचारलंच. आई तणतणत काकूपुढे गेली. त्या वेळी दोघी जावा एकाच घरात होत्या.

"बाई, त्या दिसायला लई देखण्या हायेत," काकू म्हणाली.

"आन् चालायला?"

"चालायला बी तुमच्यावानीच."

आई पंधरवडाभर तिच्याशी बोलली नाही. पुढे वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तरी रुसवा निघाला की आई हाच काढायची.

शहाऐंशीत रामकाकांनी मोसंबी लावली. तेव्हा आमच्या भागात मोसंबीचं वेड होतं. रामकाका अंबडकडच्या बागा बघून आले आणि आल्यापासून एकच बोलू लागले, "बाग म्हंजी आरसा पाहिजे. खाली वाकलं की तोंड दिसलं पाहिजे." झाडांवर त्यांचा जीव होता. नवं पान फुटलं की ते हातात धरून असे उभे राहत, जसं कुणी झोपलेल्या लेकराचा हात धरावा. काकू आणि काकांना मूल नव्हतं. त्याबद्दल त्या घरात कुणी काही बोलत नसे. काका बागेकडे बघत आणि काकू बांधाकडे.

सुरुवातीला बायका खुरप्यानं गवत काढत आणि बैलांचा वखर फिरे. तेव्हा झाडांच्या आळ्यांतही खळेवाल्यांची कडी दिसत. काकू वाटी घेऊन आधी बागेत फिरायची, मग बांधावर. मग तातेरावचा ट्रॅक्टर आला. तातेराव आमच्याच गावचा, काकांपेक्षा वयानं थोडा थोरला. तो बाग आडवी नांगरायचा, मग उभी. बिळाचं तोंड पावसाळ्याआधी एकदा उलटं व्हायचं, हिवाळ्यात पुन्हा. दगड वेचून बाहेर टाकले, तेव्हा दगडाखालच्या तांबड्या गेल्या. पाटलांना पोकळ लाकूड लागतं आणि मोसंबीची झाडं तर तरणी. मग नव्या पालवीवर रस शोषणारी मावा कीड पडू लागली, आणि माव्याभोवती बारीक काळ्या मुंग्यांची ये-जा दिसली. त्या माव्याचा गोड रस चाटतात आणि त्याला राखतात, हे काकांनी कुठंतरी ऐकलं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी आळ्या-आळ्यात पांढरी पावडर टाकली. पुढे तणनाशकाचा पंप आला आणि खुरपणाऱ्या बायकाही यायच्या थांबल्या.

 काकू वाटी घेऊन जायची आणि बागेतून येताना वाटी भरलेली असायची. शेवटी बागेत एकच जात उरली. ती बारीक काळी, जी घरात साखरेच्या डब्यातही असते. "हिला काय, हिला कुठंबी करमतंय," काकू म्हणायची. तिला तिनं नाव ठेवलं नाही. बाकीच्या साऱ्या जणी बांधावर होत्या. बागेत नांगर आणि पावडर, आणि दहा पावलांवर हे जुनं गाव तसंच.

एक गोष्ट मात्र काकांच्याही ध्यानात आली होती. बांधाजवळच्या पहिल्या ओळीतली पानं अळी कमी खायची. मुंगळे ओळीपर्यंत येत आणि अळी उचलून नेत, हे काकूनं पाहिलं होतं. काका म्हणायचे, सावलीमुळं.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात काकांनी बांध काढायचं ठरवलं. बाग ताणावर सोडली होती, म्हणजे बहार धरण्यासाठी पाणी तोडलं होतं. त्या दिवसांत नांगरणी होते. बांध सपाट केला की आणखी एक ओळ बसत होती आणि ट्रॅक्टरला वळायला जागा होत होती. आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. काका जेवायला बसले होते. काकूनं भाकरी वाढली आणि म्हणाली,

"एक मागू का?"

काका हसले. "माग की. पाटल्या पाहिजेत?"

"बांध पाहिजे."

"कोणता बांध?"

"आपलाच. वढ्याकडचा. तो काढू नका. तो मला द्या."

काकांनी घास हातातच ठेवला. "आगं, बायका सोनं मागत्यात. तू दगडं मागून राह्यली?"

"व्हय."

"लोक काय म्हणतील? रामरावानं बायकोला बांध केला म्हून?"

"म्हणू द्या. माझ्या बापाच्या घरून आल्यापसून मी काय मागितलं तुमाला?"

काकांना आठवून बघावं लागलं. आठवलं नाही. त्यांनी घास खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, "बरं. दिला. बिलकुल तुझा. त्यातलं एक बोर बी मी खाणार न्हाई."

त्या वर्षापासून गावात त्याला 'नंदाबाईचा बांध' म्हणू लागले. काही चेष्टेनं, काही सवयीनं. काकू ते ऐकायची आणि ओढ्याकडे बघत हसायची. तिचं म्हणावं असं या पृथ्वीवर काही असेल तर ते हेच होतं.

अठ्ठ्याण्णव साली काकांनी बागेशेजारच्या तुकड्यात संकरित ज्वारी पेरली. बियाण्याची पिशवी जालन्याहून आणलेली, एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्यातून निघालेली. दाणे गुलाबी, औषध लावलेले. पिशवीवर कवटी छापलेली. पेरून झाल्यावर अर्धी पिशवी उरली. पुढच्या वर्षी ते बियाणं चालत नाही.

"पुरून टाक," काका म्हणाले आणि बागेत गेले.

आता हे कसं सांगावं? आमच्याकडे अंगणात ज्वारीचा दाणा पडला तर बाई वाकून उचलते आणि कपाळाला लावते. धान्याला पाय लागला तर पाया पडते. अशा बाईला कुणी सांगितलं की हे धान्य खड्ड्यात पूर, तर तिचा हात चालत नाही. काकूनं पिशवी लाकूडफाट्याच्या मागे ठेवून दिली. पोळ्याच्या सुमारास उघडीप मिळाली, तेव्हा तिनं ती काढली. माणसांनी खायचं नाही, गुरांना घालायचं नाही, हे तिला कळत होतं. पण वाया घालवायचंही नाही. मग तिनं ते परातीत घेऊन धुतलं. पाणी लाल झालं, ते ओतलं. पुन्हा धुतलं, पाणी गुलाबी झालं. पुन्हा धुतलं, तेव्हा पाणी पांढरं आलं. जुन्या लुगड्यावर दाणे उन्हात वाळवले. वाळल्यावर ते घरच्या ज्वारीसारखेच दिसले, उलट जास्त टपोरे.

वाटी नाही, या वेळी तिनं पाटी भरून नेली. खळेवाल्यांच्या प्रत्येक बिळापाशी सढळ हातानं दाणे टाकले. मुंग्या बाहेर आल्या. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि बांधाच्या उन्हाकडच्या अंगाला जत्राच भरली. काकू दुपारभर तिथं बसून राहिली. घरी येताना आईला म्हणाली, "बाई, आज पोरीबाळींचं पोट भरलं बघा."

नंतरच्या आठवड्यात ती गेली तेव्हा कडी मोठी दिसली. तिला वाटलं, टरफलं. जवळ जाऊन बसली तर ती टरफलं नव्हती. खळेवाल्या मेलेल्यांना बिळाबाहेर आणून, जिथं भुसा टाकत तिथंच, नीट गोल टाकत होत्या. पुढच्या खेपेला बाहेर आणून टाकणारंही कुणी दिसलं नाही.

काकूनं बांधावर जाणं बंद केलं. घरात दळण येई. वाटीत पीठ काढलं जाई आणि संध्याकाळी ते पुन्हा डब्यात जाई. आईनं विचारलं, काका काही दिवसांनी विचारू लागले, पण ती म्हणे, गुडघा दुखतो. मग हिवाळा आला, बाग ताणावर सोडली, आणि तातेराव उद्या ट्रॅक्टर घेऊन येणार असं ठरलं. त्या दुपारी काकू काकांना जेवण घेऊन बागेत गेली आणि फडकं सोडता सोडता म्हणाली,

"तातेरावभाऊंना सांगा, बांध बी काढून टाका."

"कोणता?"

"माझा."

"कामून?"

"मला नको आता. मारल्या मी त्या."

तिनं सगळं सांगितलं. पाटी भरून नेली होती तेही, दुपारभर बसून बघितलं तेही. काका चपलेच्या टोकानं ढेकळं फोडत उभे होते. बियाणं पुरून टाक, असं त्यांनी सांगितलं होतं. ते तिला आठवत होतं, आणि तिला आठवतंय हे काकांना दिसत होतं. त्यांच्या जिभेवर ते आलंही असेल. ते एवढंच म्हणाले,

"धुतल्तं का?"

"तीनदा. पाणी पांढरं होईस्तोवर."

"मंग तू तरी काय करणार," काका म्हणाले आणि भाकरी मोडून अर्धी काकूच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तातेरावनं बाग नांगरली. नांगराच्या शेवटच्या तासाला बांधापाशी येऊन त्यानं ट्रॅक्टर थांबवला. बांध काढायचाय, असं नंदाबाई सकाळीच वाटेत त्याला सांगून गेली होती.

"रामराव, लावू का नांगर? वैनी म्हणल्या."

"न्हाई. वळव."

"आरं, इथं वळाया जागा न्हाई. झाडाची फांदी मोडल."

"मोडू दे."

तातेराव बघतच राहिला. मोसंबीच्या फांदीसाठी ज्या माणसानं त्याला भर शिवारात शिव्या घातल्या होत्या, तोच हा. "तुझाच बांध, तुझीच बाग, मंग आडवतो कोण तुला?"

"तो माझा न्हाई ना," काका म्हणाले. "जिचा हाय ती आज रागात हाय. रागातल्या माणसाचं रान नांगरू न्हाई."

फांदी मोडलीच. काकांनी ती उचलून बाजूला ठेवली.

तरी काकू तिकडे फिरकेना. एक दिवस माझी आई तिच्या दारात जाऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात एक बोराची डहाळी.

"नंदा, चल."

"कुठं, बाई?"

"माझ्या नावाच्या जित्या हायेत का मेल्या, ते मला बघायचंय. लोकं इचारून राह्यली."

"त्यांना काय धाड भरली? त्या दाणे खात न्हाईत."

"तू बघितलं का जाऊन?"

काकूनं बघितलं नव्हतं.

"न्हाई ना? मंग चल. नाव ठेवायला तू, आन् खबर घ्यायला मी?"

दोघी गेल्या. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी होते, त्यांच्या मागून चालले. आई पुढे, तिच्या त्या चालीनं. बोरीखाली जाऊन आईनं डहाळीनं फांदीवरच्या पुठ्ठ्याच्या घराला टिचकी मारली. लगेच टेंभुर्णीवाल्या बाहेर सांडल्या, मागचे भाग उचलून, घर कुणी वाजवलं म्हणून भांडायला.

"पाह्य," आई म्हणाली. "मरत न्हाईत. आमची जात चिवट हाय."

काकू हसली. पाच महिन्यांनी हसली असेल. मग कडुनिंबाच्या ढोलीपाशी गेली. पाटील होते. दगड उचलला, तांबड्या होत्या, एक तिच्या बोटाला कडकडून चावली. "हायेत, आत्याबाई हायेत," ती बोट चोळत म्हणाली. त्या तांबड्यांचं नाव काय होतं, ते आईला त्या दिवशी कळलं. उन्हाकडच्या अंगाला मात्र मऊ माती नुसती पडून होती. तिथं काकू उभी राहिली. आई तिच्या शेजारी उभी राहिली. 

त्यानंतर काकू पुन्हा वाटा टाकू लागली, पण तिची रीत बदलली. बांधावर पोचली की वाटीतले चार दाणे ती आधी स्वतःच्या तोंडात टाकते, चावते, गिळते, थोडा वेळ थांबते. मग मुंग्यांपुढे टाकते. काकांनी एकदा पाहिलं.

"मुंग्यांचा सैपाक चाखून राह्यली का?"

"व्हय. मीठ कमी हाय."

जवळजवळ तीन वर्षं गेली. खळेवाल्यांच्या जागी कुणी आलं नाही. काका पावडर अजूनही टाकत, नांगरही फिरे. फक्त बांधाजवळच्या पहिल्या ओळीत ती दोन्ही पोचत नसत. कुणी विचारलं तर काका म्हणत, "तिथवर येईस्तोवर डबा संपतो." तातेराव म्हणे, "तिथवर येईस्तोवर डिझेल संपतं." त्या ओळीखाली गवत वाढलं, पाचोळा साचला. आरसा तेवढा अंधुक झाला.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर काका एका सकाळी बागेतून घरी आले, ते हात न धुता सरळ आत. काकू चुलीपाशी होती. त्यांनी ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून घेतली.

"काय हो, काय करता?"

"चल जल्दी."

"भाकर करपंल."

"करपू दे."

पहिल्या ओळीत, तिसऱ्या झाडाच्या आळ्याच्या काठाला, मातीत एक बारीक भोक होतं. त्याच्याभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचं कडं. कडं कसलं, नखाएवढं. नुकतं घातलेलं. मोठ्या डोक्याची एकच मुंगी कुसळ घेऊन वर आली, ते टाकलं आणि आत गेली.

काकू खाली बसली. हात पुढे केला, पण तो मातीपाशीच थांबला. काकांनी मूठ तिच्यापुढे धरली होती. ती घेईना.

काका तिच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी मुठीतले चार दाणे तोंडात टाकले. चावले, सावकाश. गिळले. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि ती थांबते तेवढा वेळ तेही थांबले. बांधावर कडुनिंबाचं एक पान पडलं.

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि मूठ तिच्या ओंजळीत सोडली.